टर्बो गेला; पण का गेला?

जुन्या डिझेल पिकअपच्या बाजारात निदानापेक्षा निकाल लवकर लागतो आणि त्याची किंमत चालक-मालक मोजतो

पुणे / खास प्रतिनिधी

एप्रिल-मे महिन्यांत रात्रीच्या वेळी कुंभार्ली किंवा आंबा घाट चढणाऱ्या वाहनांत हापूसच्या पेट्यांनी भरलेल्या पिकअप हमखास दिसतात. पहाटेच्या आत कऱ्हाड, कोल्हापूर किंवा पुण्याचा बाजार गाठायचा असतो. अशातच ऐन चढावर एखाद्या गाडीचा जोर ओसरतो, मागे काळ्या धुराचा लोट उठतो आणि तिसऱ्या गिअरवर चढणारी गाडी पहिल्यावर रखडू लागते. दिवस उजाडता ती गाडी रस्त्याकडेच्या एखाद्या गॅरेजसमोर उभी राहते. बॉनेट पुरते उघडण्याआधीच मालकाच्या कानी दोन शब्द पडतात, 'टर्बो गेला'.

हे दोन शब्द ऐकणारा मालक बहुधा स्वतःच चालक असतो. गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातातून घेतलेली असते, हप्ते चालू असतात आणि गाडी जितके दिवस उभी, तितके दिवस घरात पैसा येत नाही. त्यामुळे तो प्रश्न विचारत बसत नाही. उसनवारी करून टर्बो बदलला जातो. काही आठवड्यांत, काही वेळा काही दिवसांतच, नवा टर्बोही शिट्टी मारू लागतो. मग दोष सुट्या भागाच्या दुकानदारावर, दुकानदाराकडून मेकॅनिकवर आणि अखेर नशिबावर जातो.

वस्तुतः टर्बो स्वतःहून क्वचितच बिघडतो. बहुतेक वेळा त्याला कोणीतरी मारलेले असते, आणि पुष्कळदा तर तो मेलेलाही नसतो. मारेकरी शोधल्याविना नवा टर्बो बसवणे म्हणजे नव्या भागाला त्याच मारेकऱ्याच्या हाती देणे होय. ही साधी गोष्ट प्रत्येक चांगल्या मेकॅनिकला ठाऊक असते. तरीही जुन्या गाड्यांच्या व्यवहारात तिला जागा का मिळत नाही, हा प्रश्न केवळ गॅरेजचा राहिलेला नाही.

प्रश्न आताच का?

देशात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाली. त्या तारखेनंतर जुन्या मानकांच्या वाहनांची विक्री करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्येच स्पष्ट केले होते. डिझेलमधील गंधकाचे कमाल प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आले. नव्या मानकांसाठी डिझेल गाड्यांवर धुरातील काजळी अडवणारी गाळणी आली, संवेदक वाढले आणि टर्बोचे नियंत्रण अधिकाधिक संगणकाकडे गेले.

त्या पहिल्या तुकडीतील पिकअप आता पहिल्या मालकांच्या हातून सुटत आहेत. कर्जाची मुदत संपली आहे आणि कंपनीची हमीही बहुतेकांच्या बाबतीत उरलेली नाही. म्हणजे आजवर अधिकृत सेवा केंद्रांच्या छपराखाली असलेली ही गुंतागुंतीची यंत्रे आता खुल्या गॅरेजांच्या अंगणात उतरत आहेत. दुसऱ्या बाजूला भारत स्टेज-३ आणि ४ च्या जुन्या गाड्याही धावतच आहेत. मालवाहू वाहनांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, सुट्या भागांनाही सरसकट १८ टक्क्यांचा दर लागू झाला. नवी गाडी त्याने स्वस्त झाली हे खरे. तथापि ज्याला नव्या गाडीचा हप्ताच पेलवत नाही, त्याच्यासाठी जुनी पिकअप हाच धंद्याचा दरवाजा आहे. नारायणगावचे टोमॅटो, सासवडची अंजिरे किंवा शहरातील फर्निचर आणि सिमेंटची पोती वाहणाऱ्यांत असे चालक-मालक ठायीठायी आढळतात. त्यांच्या गाडीचा टर्बो बसला, की शहरातील मंडईपर्यंत त्याचे पडसाद येतात.

यंत्र काय करते?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरातील ऊर्जा वाया न घालवता तिच्याच बळावर आत जाणारी हवा दाबावी, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूकी याने १९०५ मध्ये पेटंटच्या रूपाने मांडली. आजच्या पिकअपमधील टर्बोचे तत्त्व तेच आहे. धुराच्या वाटेत एक चक्र, हवेच्या वाटेत दुसरे चक्र आणि दोहोंना जोडणारा बोटाएवढा दांडा. धूर पहिले चक्र फिरवतो, दुसरे चक्र हवा दाबून इंजिनात लोटते. हवा अधिक, म्हणून डिझेल अधिक जाळता येते. आणि म्हणूनच अडीच लिटरचे इंजिन दीड टनाचा भार घाटावर नेते.

हा दांडा लहान टर्बोत मिनिटाला दीड लाखांहून अधिक फेरे घेऊ शकतो; म्हणजे सेकंदाला अडीच हजार. एका टोकाला भराच्या वेळी सातशे अंश सेल्सिअसपर्यंत तापणारा धूर, दुसऱ्या टोकाला हवा. या वेगाला सामान्य बेअरिंग टिकत नाही. दांडा केसाहून पातळ अशा तेलाच्या थरावर तरंगतो. हे तेल इंजिनाच्याच ऑइलमधून एका बारीक नळीने दाबाखाली येते आणि काम झाल्यावर जाड नळीतून आपल्याच वजनाने खाली चेंबरमध्ये उतरते. टर्बोचे आयुष्य या दोन नळ्यांवर आणि त्यांतून वाहणाऱ्या तेलाच्या शुद्धतेवर टांगलेले असते.

आणखी एक बाब फारशी सांगितली जात नाही. टर्बोतील सील म्हणजे रबरी ऑइलसील नव्हे. ती पिस्टनच्या रिंगसारखी धातूची बारीक कडी असते आणि दोन्ही बाजूंच्या वायूचा दाब तिला मदत करतो. हा दाब बिघडला, किंवा तेल खाली उतरण्याची वाट तुंबली, तर पूर्ण धडधाकट टर्बोसुद्धा तेल गाळतो. अशा टर्बोला दोष देणे म्हणजे मोरी तुंबली म्हणून नळ बदलण्यासारखे आहे.

मारेकरी कोण?

पहिला मारेकरी तेल. ठरल्या वेळेपेक्षा उशिरा बदललेले, चुकीच्या प्रतीचे, बनावट डब्यातले किंवा पातळी उतरलेले ऑइल. काजळीने घट्ट झालेले तेल बारीक नळीत साचते आणि दांड्याला मिळणारा पुरवठा आटतो. घाट चढून आल्याबरोबर किल्ली फिरवून इंजिन बंद करण्याची सवय यात भर घालते. तप्त टर्बोत थांबलेले तेल जळते आणि त्याचा कोळसा नळीत व बेअरिंगमध्ये बसतो. चढ संपल्यावर इंजिन मिनिटभर संथ चालू ठेवणे हा त्यावरील फुकटचा उपाय आहे.

दुसरा मारेकरी धूळ. खडी क्रशर, वीटभट्टी आणि शेतरस्त्यांवर चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर लवकर भरतो. तो हवेच्या झोताने पुन्हा पुन्हा झाडला जातो, कागद फाटतो किंवा फिल्टर आपल्या घरात नीट बसत नाही. मग वाळूचे कण थेट चक्राच्या पात्यांवर आदळतात. पात्यांच्या कडा झिजल्या वा टवके उडाले, की चक्राचा तोल जातो. आणि त्या वेगाला तोल गेलेला दांडा फार काळ टिकत नाही.

तिसरा मारेकरी तुंबलेला धूर. भारत स्टेज-६ गाड्यांतील काजळीची गाळणी ठरावीक तापमानाला पोहोचून स्वतःला जाळून साफ करते. त्यासाठी गाडी काही काळ सलग धावावी लागते. शहरात दोन-दोन किलोमीटरवर माल उतरवणाऱ्या पिकअपला ती संधी मिळत नाही. गाळणी भरते, धुराचा उलट दाब वाढतो आणि टर्बोवर ताण येतो. ज्या इंजिनांत या सफाईसाठी सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडले जाते, तेथे सफाई वारंवार अर्धवट राहिली तर ते डिझेल ऑइलमध्ये उतरते. मालक डिपस्टिकवर पातळी वाढलेली पाहून निर्धास्त होतो. प्रत्यक्षात ते तेल पातळ झालेले असते आणि दांड्याला तोलून धरण्याची त्याची ताकद घटलेली असते. अशा गाड्यांत निर्मात्याने सांगितलेले कमी राखेचे ऑइल न घालता स्वस्तातले जुन्या प्रतीचे ऑइल घातले, तर त्याची राख गाळणीत कायमची साठते. ती जळूनही जात नाही.

चौथा मारेकरी स्वतः इंजिनच. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, की ज्वलनाचा वायू चेंबरमध्ये शिरतो. ब्रीदरची वाट चोंदलेली असेल तर आतला दाब वाढतो आणि टर्बोतून खाली उतरणारे तेल अडते. अशा इंजिनावर कितीही टर्बो बदलले तरी निळा धूर थांबणार नाही. अतिरिक्त भार या सर्वांना बळ देतो. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंड ठरवला. परंतु दंड चुकवला तरी इंजिन आपला हिशेब वसूल करतेच.

निर्दोष टर्बोला फाशी

हे झाले खरोखर मेलेल्या टर्बोचे. पण जोर कमी झालेल्या अनेक गाड्यांत टर्बो सुस्थितीत असतो आणि त्याने दाबलेली हवा वाटेत गळत असते. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तेथून इंजिनापर्यंत जाणारे रबरी होज पाइप उष्णतेने आणि तेलाच्या वाफेने कडक होतात, त्यांना खालच्या बाजूने चीर पडते. गाडी उभी असताना ही चीर मिटलेली असते; भराखाली दाब वाढला की ती उघडते. म्हणून गॅरेजात निर्दोष वाटणारी गाडी घाटात मात्र दम सोडते. अशा पाइपाची किंवा त्यावरील क्लिपची किंमत आणि नव्या टर्बोची किंमत यांतील अंतर प्रचंड आहे. 'टर्बो गेला' या घाईच्या निकालाचे मोल त्या अंतराएवढे असते.

संगणकाच्या साह्याने तपासणी केली म्हणजे निदान झाले, हाही एक भ्रम आहे. स्कॅनर लावल्यावर अनेकदा 'पी०२९९' हा संकेत दिसतो. त्याचा अर्थ एवढाच, की इंजिनाला जितका हवेचा दाब अपेक्षित होता तितका मिळाला नाही. तो का मिळाला नाही, हे संकेत सांगत नाही. फाटका पाइप, चोंदलेला फिल्टर, दाब मोजणारा काजळलेला संवेदक, व्हॅक्यूमची तडकलेली बारीक नळी, अडकलेला अ‍ॅक्च्युएटर, गळके एक्झॉस्ट गास्केट, तुंबलेली गाळणी आणि सर्वांत शेवटी टर्बो. एवढ्यांपैकी कोणीही त्या संकेतामागे असू शकतो. संकेत ही तक्रार असते, तपास त्यानंतर सुरू व्हायचा असतो.

तपासाचा क्रम

हा तपास कसा व्हावा, याचा क्रम ठरलेला आहे आणि त्यातील बहुतेक पायऱ्यांना महागडी साधने लागत नाहीत. आरंभ धुराच्या रंगापासून होतो. जोर कमी आणि काळा धूर, याचा अर्थ डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे. तेव्हा हवेची वाट पाहावी. जोर कमी आणि धूरही नाही, तर बहुधा डिझेलच कमी येत आहे. अशा वेळी टर्बोला हात लावण्याआधी डिझेल फिल्टर पाहावा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. ते टर्बोतून येते की इंजिनातून, हे वेगळे शोधावे लागते.

त्यानंतर एअर फिल्टर आणि त्यापुढील नळी उघडून पाहावी. मग होज पाइप. सांध्यापाशी ताजा तेलकट ओलावा दिसला तर गळतीचा संशय घ्यावा. खात्रीसाठी हवेच्या वाटेचे तोंड बंद करून तीत साधारण एक बारपर्यंत हवा भरतात आणि सांध्यांवर साबणाचे पाणी टाकतात. बुडबुडे जागा दाखवून देतात. पुढे अ‍ॅक्च्युएटरचा दांडा मोकळा हलतो का आणि हातपंपाने दिलेला व्हॅक्यूम टिकून राहतो का, हे पाहिले जाते. ज्या गाडीत स्कॅनर चालतो तेथे इंजिन बंद ठेवून केवळ किल्ली चालू केल्यास दाबाच्या संवेदकाने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा. पुण्याच्या उंचीवर तो सुमारे ९५ किलोपास्कल असतो. आकडा भलताच असेल तर संवेदकच खोटे बोलत आहे. शेवटी भरलेली गाडी चढावर चालवून अपेक्षित दाब आणि प्रत्यक्ष दाब यांची तुलना करायची. रिकाम्या गाडीच्या सपाट रस्त्यावरील फेरीला या कामी फारसा अर्थ नाही.

एवढे झाल्यावरच टर्बोच्या दांड्याला बोट लावायचे, आणि तेही इंजिन बंद व थंड असताना. येथे आणखी एक गैरसमज घात करतो. दांडा तेलावर तरंगणारा असल्याने तो आडव्या दिशेने किंचित हलणे स्वाभाविक आहे. ते हलणे दाखवून अनेक चांगले टर्बो बाद ठरवले जातात. पाती घराच्या भिंतीला घासल्याची खूण किंवा पुढे-मागे जाणवणारी हालचाल मात्र खरी धोक्याची. तसेच हवेच्या नळीत तेलाचा पातळ थर दिसला म्हणून टर्बो गेला असे होत नाही, कारण ब्रीदरमधून येणारी वाफ तेथे बसतेच. तेल साचून वाहत असेल तर गोष्ट वेगळी.

नव्या टर्बोचा घात

टर्बो खरोखर गेला असेल तर बदलणे भाग असते. मात्र या टप्प्यावरील चुका सर्वांत महाग पडतात. तेल आणणारी नळी आणि तिचा पोकळ बोल्ट साफ करण्याऐवजी बदलणे श्रेयस्कर. आत बसलेला कोळसा फुंकून निघत नाही. ऑइल आणि ऑइल फिल्टर नवे हवेत. खाली उतरणारी नळी मोकळी आहे ना, ब्रीदर चालू आहे ना, हे पाहायला हवे. तेलाच्या जोडांवर गास्केटऐवजी सिलिकॉन लावण्याची सवय घातक आहे, कारण दाबाने बाहेर आलेला त्याचा तुकडा नेमका तेलाच्या वाटेत अडकतो. जुन्या टर्बोची पाती तुटली असतील तर त्यांचे तुकडे इंटरकूलर आणि पाइपांतून शोधून काढावेच लागतात.

इंटरकूलरमध्ये साचलेले तेल काढले नाही, तर धोका पैशापुरता राहत नाही. ते तेल इंजिनात ओढले गेल्यास डिझेल इंजिन त्यावरच पेटून किल्ली बंद केल्यावरही वाढत्या वेगाने धावत राहू शकते. असे इंजिन आवरता आवरत नाही. म्हणूनच अनुभवी मेकॅनिक इंटरकूलर धुतल्याशिवाय नवा टर्बो जोडत नाहीत. जोडल्यावरही त्यात आधी तेल भरतात, इंजिन सुरू न करता थोडे फिरवून तेलाचा दाब येऊ देतात आणि नंतर काही मिनिटे ते संथ चालवतात.

पैसे वाचवण्यासाठी टर्बोचा आतला कोअर तेवढा बदलण्याचा मार्ग सर्रास वापरला जातो. तो चुकीचा नाही. परंतु कोअरचा तोल यंत्रावर साधलेला असावा लागतो. हलत्या पात्यांच्या टर्बोत त्या पात्यांची जुळणीही यंत्रावर तपासावी लागते. ही सोय नसलेल्या ठिकाणी 'रिपेअर' केलेला टर्बो म्हणजे केवळ रंग दिलेला टर्बो असू शकतो. काही जण तर गाळणी रिकामी करून किंवा धूर फिरवणारा व्हॉल्व्ह बंद करून 'कायमचा इलाज' देतात. वाहनाच्या मूळ रचनेत असा बदल करणे मोटार वाहन कायद्यात बसत नाही. शिवाय शहराच्या हवेत जाणारी काजळी ही त्या इलाजाची न लिहिलेली किंमत असते.

कागदावर काय नाही?

आता पुन्हा खरेदीच्या दिवसाकडे यावे. जुनी पिकअप घेणाऱ्यासमोर कागदांची कमतरता नसते. नोंदणी, विमा, योग्यता प्रमाणपत्र, पीयूसी, कर्जमुक्तीचा दाखला, हस्तांतराचे अर्ज. सारे काही असते. सरकारी 'वाहन' प्रणालीवरून नोंदणीची तारीख, उत्सर्जन मानक आणि कर्जाचा बोजा घरबसल्या पाहता येतो. पण ऑइल शेवटचे कधी बदलले, कोणते घातले, टर्बो याआधी किती वेळा बदलला, यातील एकही गोष्ट कोणत्याही कागदावर नसते.

मालवाहू वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. त्यात ब्रेक, दिवे, सुकाणू, धूर, आवाज पाहिले जातात. रस्त्यावरील इतरांच्या सुरक्षेसाठी ती तपासणी आहे; इंजिन आणखी किती दिवस जगेल हे सांगणे तिचे कामच नाही. पीयूसीचेही तसेच. डिझेल वाहनाची चाचणी उभ्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबून होते. इंजिनावर भार नसतो, टर्बोला पुरता दाब निर्माण करण्याची वेळच येत नाही. त्यामुळे चढावर काळा धूर ओकणारी फाटक्या पाइपाची गाडी केंद्रावर उत्तीर्ण होऊ शकते. ज्या दोन कागदांवर खरेदीदार विसंबतो, ते दोन्ही त्याच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी बनलेलेच नाहीत.

कायदा कोठे उभा आहे?

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी नियम अधिसूचित केले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. विक्रेत्याने परिवहन विभागाकडून अधिकारपत्र घ्यावे, ताब्यात आलेल्या गाडीची माहिती द्यावी, ती कोठे व कशासाठी फिरवली याची नोंद ठेवावी, अशी तरतूद आहे. मालकी आणि जबाबदारीच्या गोंधळावर हा उपाय आहे. यांत्रिक स्थितीच्या लेखी जाहीरनाम्याची मागणी मात्र त्यात नाही. शिवाय अनेक पिकअप दलालाच्या ओळखीने, थेट एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातात. अशा व्यवहारात विकणारा व्यापारी नसतो आणि ग्राहक कायद्याचा आधारही लंगडा पडतो.

तरीही चालक-मालक अगदी निराधार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळतो. पण स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी वापरलेली वस्तू त्या वगळणुकीत मोडत नाही. स्वतः चालवण्यासाठी ट्रक घेणारा हा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात म्हटले होते. तेव्हा जुन्या गाड्यांचा व्यापारी, सुट्या भागांचा दुकानदार किंवा गॅरेज यांच्याविरुद्ध जिल्हा आयोगाचे दार त्याला उघडे आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. अडचण एवढीच, की त्यासाठी पक्के बिल लागते आणि या व्यवसायात बहुतांश कामे चिठ्ठीवर होतात. बिल मागितले तर कराची रक्कम वाढते, म्हणून ग्राहकच ते टाळतो. पुढे टर्बो पुन्हा गेला, की हातात काहीच नसते.

दुसरा प्रश्न मेकॅनिकच्या हाती काय आहे, हा. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये सुटे भाग आणि निदानाची साधने खुल्या बाजाराला न देण्यावरून १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या आदेशाला पुढे आव्हान दिले गेले, पण त्यामागील मुद्दा शिळा झालेला नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या अधिकारा'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचे संकेतस्थळ सुरू केले. वाहन क्षेत्र त्यात अंतर्भूत आहे. मात्र निर्मात्यांनी माहिती खुली करणे आणि ती माहिती हायवेवरील गॅरेजपर्यंत मराठीत, समजेल अशा रूपात पोहोचणे, यांत मोठे अंतर आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत 'मेकॅनिक डिझेल' हा अभ्यासक्रम आहे. पण रस्त्याकडेचे अनेक कसबी कारागीर त्या दारातून आलेले नाहीत. ते उस्तादाच्या हाताखाली शिकले. त्यांच्या हातात कौशल्य आहे, दाब मोजण्याचे साधे मीटर अनेकदा नसते.

उत्तर स्वस्त आहे

येथे मेकॅनिकला सरसकट खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. मालक दारात उभा राहून 'संध्याकाळपर्यंत गाडी पाहिजे' म्हणतो. शोधण्याच्या दोन तासांचे पैसे द्यायला तो तयार नसतो, भाग बदलल्याचे मात्र देतो. जेथे निदानाला मोल नाही, तेथे भाग बदलणे हाच धंदा होतो. निदानाची मजुरी वेगळी लिहिण्याची आणि काढलेला जुना टर्बो व त्याच्या मरणाचे कारण मालकाला दाखवण्याची पद्धत गॅरेजांच्या संघटनांनी रुजवली, तरी पुष्कळ फरक पडेल. कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांनी जुन्या गाडीचे मूल्यांकन करताना रंग आणि टायरबरोबर सर्व्हिसच्या नोंदीही मागितल्या, तर त्या नोंदी ठेवण्याला किंमत येईल. उत्सर्जन चाचणी भाराखाली घेण्याचा विचार झाला, तर शहराच्या हवेलाही त्याचा लाभ होईल.

ते होईपर्यंत खरेदीदाराने आपल्यापुरते काही करावे. सौदा ठरण्याआधी गाडी थंड असताना पाहावी. आधीच तापवून ठेवलेले इंजिन अनेक दोष लपवते. ऑइल भरण्याच्या झाकणातून, इंजिन संथ चालू असताना, वायूचा जोरदार मारा येत असेल तर रिंगा संपल्या असे समजावे. सांधे, पाइप, ऑइलची पातळी आणि वास तपासावा. भार टाकून एखादा चढ चढून पाहावा आणि एका निष्पक्ष मेकॅनिकला तासाभराचे पैसे देऊन सोबत न्यावे. घेतल्यानंतर पहिल्याच दिवशी ऑइल, तिन्ही फिल्टर बदलून त्या तारखेची नोंद वहीत करावी. पुढच्या खरेदीदाराला त्या गाडीबद्दल मिळणारा तो कदाचित पहिलाच खरा कागद असेल.

कुंभार्लीच्या चढावर दम सोडणाऱ्या गाडीचा टर्बो उद्याही जाईल, परवाही जाईल. तो का गेला, हे विचारणारा आणि त्या उत्तराचे पैसे मोजणारा मालक जोवर अपवाद राहील, तोवर एकाच गाडीत दोनदा टर्बो घालण्याचा खर्च त्याच्याच खिशातून जात राहील.